आडगल्लीचा रहाट मुका झाला तेव्हा

मी आडगल्लीचा रहाट बोलतोय. तुम्हाला नुसती कुरकुर ऐकू येत असेल तर जरा दम धरा, कानाला सवय होऊ द्या. आमच्या गल्लीला ती होती. माझ्या कुरकुरीवरच त्यांचा दिवस उगवायचा. फक्त एका उन्हाळ्यात माझं तोंड बांधलं गेलं, आणि नेमकी तेव्हाच माझ्या बोलण्याची गरज होती. ती रुखरुख काही केल्या जात नाही, म्हणून हे सांगत बसलोय.

मूळचा मी म्हणजे तामलवाडीच्या शिवारातलं बाभळीचं झाड. बांधावर उभा असायचो, शेळ्या माझ्या शेंगा खायच्या, राखणारी माणसं माझ्या सावलीत भाकरी सोडायची. सुतारानं तोडलं तेव्हा वाटलं, आता बैलगाडीचं चाक होऊ, चार गावं बघू. कसलं काय. उस्मानाबादेच्या आडगल्लीत दोन दगडी खांबांच्या मधे मला बसवलं, पोटातून लोखंडी आस घातला, आणि म्हणाले, आता इथंच फीर. पहिली घागर वर येताना मी असा काही बोंबललो की सुतार ओशाळला. म्हणाला, "थांबा, तेल घालतो."

तेव्हा नागम्मा गल्लीत नवी सून होती. डोक्यावरचा पदर सावरत ती हळूच म्हणाली, "नको. ओरडू दे त्याला. घरात बसून कळंल, आडावर कोन हाय ते."

सून असून चारचौघांत बोलली म्हणून तिला घरी बोलणी बसली असतील. पण तिचं ऐकलं गेलं. आणि त्या एका शब्दावर गल्ली कितीतरी वर्षं सुखानं पाणी प्यायली.

कसं ते सांगतो. प्रत्येक हाताची ओढ वेगळी, तशी माझी कुरकुरही वेगळी. नागम्मा ओढायची तेव्हा मी लांबच लांब कण्हायचो. शिवकांता दोन हिसके द्यायची, मग दम खायची. पाशामियाँ ओढायचे तेव्हा एका दमात घागर वर. चैत्र लागला की आडाचं पाणी खाली जायचं, मग घरटी घागरी ठरायच्या, एका घराला इतक्याच. पण पहारा कुणी करत नव्हतं. बायका घरात भाकरी थापत असायच्या आणि कान माझ्याकडं असायचा. वाट्याच्या वर कुणी घागर सोडली तर मी ओरडणार, आणि गल्लीभर कळणार. निजामाच्या राज्यात पोलीस होते, कचेऱ्या होत्या, पण आमच्या आडाला माझ्यावाचून दुसरा राखणदार नव्हता. थोडा तोरा मिरवत होतो मी, खोटं कशाला बोलू.

आता शिवकांतेचं सांगतो, कारण ही गोष्ट तिची आहे. तिचं घर आडासमोरच. नवरा तापानं गेला, मूलबाळ नाही. दिवसभर घरात माणसाचा आवाज म्हणून नाही. कधीकधी पाणी भरून झालं तरी ती माझ्याजवळ टेकून उभी राहायची, कुणी बोलायला येतंय का बघत. मला तिची लई दया यायची, पण दया येऊन रहाट काय करणार.

मग गावातल्या शाळेला वरचे वर्ग जोडले गेले. मॅट्रिकपर्यंत इथंच शिकता येणार म्हटल्यावर खेड्याखेड्यांतनं पोरं आली. वर्ग उघडणाऱ्यांनी पोरांनी बसायचं कुठं एवढं बघितलं. राहायचं कुठं, पाणी कुठलं प्यायचं, हे कुणी बघितलं नव्हतं. ते सगळं येऊन पडलं आमच्यासारख्या गल्ल्यांवर.

शिवकांतेनं आपली ढाळज, म्हणजे दारालगतची ओसरी, दोघांना दिली. एक तामलवाडीचा गुंडप्पा, म्हणजे माझ्याच गावचा. दुसरा माकणीचा शरणबसप्पा. हा उंच, काटक, नांगर धरून धरून तळवे राठ झालेला. याला त्याच्या बापानं सोडलं होतं ते एका अटीवर. सोडायला आला तेव्हा म्हातारा आडाच्या कट्ट्यावर बसून शिवकांतेला म्हणाला होता, "बाई, लेकरू हुशार हाय म्हणतात, म्हणून आणलंय. पर एक जरी तक्रार आली, तर म्या त्याला नांगराला जुंपनार. मग पुन्ना शाळा न्हाय."

"तक्रार यायची न्हाय, काका," शिवकांता म्हणाली. "माझं पोर समजून ठेवीन."

आणि खरंच तसं ठेवलं. दोन महिन्यांत तिची चाल बदलली. पाणी काढताना गुणगुणायला लागली बाई. "अक्का, कोरड्यास काय केलंय?" असं ढाळजेतून ऐकू आलं की ती लटकंच रागवायची, आणि मला समजायचं की आज तिचं बरं चाललंय.

पण गल्लीत एकटी शिवकांता नव्हती. बाकीच्या घरांनीही पोरं ठेवली. पाशामियाँ कचेरीत चपराशी होते, आडाचा दोर झिजला की नवा दोर तेच घालायचे. त्यांच्याकडं तेरखेड्याचा भाचा जैनोद्दीन आला. बघता बघता घरांपेक्षा पोरं जास्त झाली. आणि पोरं म्हणजे पोरंच. सकाळी आडाच्या कट्ट्यावर उघडीबंब होऊन आंघोळ करायची. ओली धोतरं दिसेल त्या भिंतीवर टाकायची. सगळी एकदम मोठमोठ्यानं धडे घोकायची, कुणी उर्दू, कुणी भूगोल, नुसता कालवा. लेकीसुना घागरी घेऊन कोपऱ्यावर खोळंबून उभ्या. मी स्वतः वैतागलो होतो, दुसऱ्याचं काय सांगू.

महालिंगप्पा हे गल्लीतले कापडाचे व्यापारी. त्यांच्या शब्दाला वजन होतं. माणूस वाईट नव्हता, पण गप्प बसणाराही नव्हता. त्यांच्या भिंतीवर एकदा तीन लंगोट वाळत पडलेले दिसले, आणि ते तडक शिवकांतेच्या दारात गेले.

"वहिनी, बायाबापड्यांनी पाण्याला यायचं कसं? पोरांना सांगा, उजाडायच्या आत पाणी काढायचं आन् आंघोळ घरात करायची."

बरोबरच होतं त्यांचं. शिवकांतेनं सांगितलं, पोरांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या झुंजुमुंजूला आडावर रांग लागली. आणि मी ओरडायला लागलो. एरवी मी पहिल्यांदा कुरकुरायचो ते नागम्माच्या हातून. ती आता म्हातारी झाली होती, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, तरी लिंगपूजेचं पाणी स्वतःच काढायची, आणि पूजा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायची नाही. आता तिच्या कितीतरी आधी मी सगळी गल्ली जागी करायला लागलो. महालिंगप्पांची लेक बाळंतपणाला आलेली. तिचं तान्हं दचकून उठायचं आणि रडून आकाशपाताळ एक करायचं.

आठवड्यानं महालिंगप्पा पुन्हा दारात. डोळे तारवटलेले. "वहिनी, पाणी काढू द्या पोरांना, म्या न्हाय म्हनत न्हाय. पर त्यो आवाज बंद करा. न्हायतर दुसरीकडं बिऱ्हाड बघायला सांगा त्यांना."

शिवकांता घाबरली. तक्रार या शब्दाचाच तिनं धसका घेतला होता. शरणबसप्पाला म्हणाली, "अरे, तुमच्या गाडीचं चाक वाजायला लागलं तर काय करता?"

"वंगण घालतो की, अक्का."

"मग ह्यालाबी घाल. ह्यो काय, चाकच हाय."

चाकच आहे. बैलगाडीचं चाक व्हायची हौस होती ना मला, ती अशी फिटली. बाजाराच्या दिवशी शरणबसप्पानं ओळखीच्या गाडीवानाकडून बांबूच्या नळकांड्यात वंगण आणलं. एरंडाचं तेल आणि काजळी, काळंकुट्ट. मला खांबावरून उतरवलं, आस पुसला, भोक साफ केलं, आणि मायेनं सगळीकडं वंगण चोपडलं. पोर कामात पक्का होता. पुन्हा चढवून घागर सोडली, आणि मी फिरलो. फिरलो, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही.

सगळी गल्ली खूश झाली. महालिंगप्पांनी स्वतः पोरांना गूळ-शेंगा दिल्या. फक्त दुसऱ्या दिवशी नागम्मा पाण्याला आली, दोर ओढला आणि तिथंच थबकली. पुन्हा सैल सोडला, पुन्हा ओढला. बोलता येत नव्हतं. पूजा उरकून, काठी टेकत परत आली आणि मला हात लावून म्हणाली, "मेला का रे ह्यो?"

सगळे हसले. मलाही तेव्हा हसूच आलं.

मग चैत्र तापायला लागला. आडाचं पाणी खाली गेलं, घरटी घागरी ठरल्या, पोरांना धरून ठरल्या. आणि दुपारी, उन्हाच्या तडाख्यानं गल्लीतली दारं बंद झाली, की मी काय काय बघितलं ते आता ऐका.

पहिल्यांदा आली महालिंगप्पांच्या घरची बाई. बाळाचे कपडे धुवायला एक घागर जास्त. बाळाचं होतं, काय म्हणणार? मग म्हशीवाल्या घरातून एक आला. जनावर तहानलेलं होतं. पाशामियाँची बायको हमिदाबी आली, इकडं तिकडं बघत. मग एक दिवस शिवकांता आली. शरणबसप्पाला ताप भरला होता, कपाळावर पट्ट्या ठेवायच्या होत्या. तिनं दोर धरला, दोन हिसके दिले, दम खाल्ला. माझ्याकडं बघितलं. मी गप्प. तिनं घागर उचलली आणि घाईनं घरात गेली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला होता, तरी ती आली.

एका घागरीनं काय होतंय, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं. चोर त्यात कुणीच नव्हतं. इतकी वर्षं हीच माणसं वाट्याच्या वर थेंब घेत नव्हती, कारण घेतलं तर ऐकू जायचं. आता ऐकणारं कुणी नव्हतं. मी तडफडत होतो. अंगातल्या प्रत्येक रेषेनं ओरडायचा प्रयत्न करत होतो, आणि वंगणावरनं गुळगुळीत घसरत होतो.

एका सकाळी घागरीत गाळ आला.

संध्याकाळी सगळी गल्ली कट्ट्यावर जमली. पोरं एका बाजूला उभी. परीक्षा तोंडावर आलेली, डोळे खोल गेलेले. महालिंगप्पा मधे.

"इतकी वर्सं पानी पुरत हुतं," ते म्हणाले. "औंदा पुरंना. नवीन काय झालं? पोरं आली. दुसरं काय सांगायचं?"

"आमी वाट्याचंच घेतो, अण्णा," गुंडप्पा म्हणाला.

पाशामियाँ म्हणाले, "किसी ने देखा क्या, महालिंगप्पा? बगैर देखे इलजाम नको."

"बघायचं कशाला? रहाटाला वंगण कुनी लावलं? चोरायचंच नव्हतं, तर आवाज कशाला बंद केला?"

मला वाटलं, आता कोसळतो मी आडात. पोरांनी बापड्यांनी बाळाची झोप मोडू नये म्हणून जे केलं, तेच त्यांच्या गळ्याला लागलं.

शिवकांता पुढं झाली. "वंगण म्या लावाय सांगितलं. आवाज नको म्हनून तुमीच आला हुता की, अण्णा."

"आवाज नको म्हनलो. पानी न्या म्हनलो न्हाय."

तिनं तोंड उघडलं. मला माहीत होतं तिच्या ओठांवर काय आलंय. दुपारची घागर आली होती. एकीनं म्हटलं असतं, मीही घेतलं, तर दुसरीनंही म्हटलं असतं, आणि तिथंच सगळं फिटलं असतं. पण तिनं भोवतालच्या चेहऱ्यांकडं बघितलं, आणि ओठ मिटले. हमिदाबी जमिनीकडं बघत होती. म्हशीवाला पागोटं सारखं करत होता. नागम्मा काठीवर हनुवटी टेकून बसली होती. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे.

ठरलं की पोरांनी गल्ली सोडायची.

"परीक्षा होईस्तोवर तरी ऱ्हाऊ द्या," शिवकांता म्हणाली. "शरणबसप्पाच्या बापाला म्या शब्द दिलाय, अण्णा. ह्ये कळलं तर पोराची शाळा सुटंल." तिनं सगळ्यांपुढं हात जोडले.

शरणबसप्पा तेवढा बोलला. "अक्का, नका हात जोडू. चोर म्हनून ऱ्हायचं आन् घास गिळायचा, हे जमनार न्हाय मला."

जैनोद्दीन मशिदीत जाऊन राहिला, गुंडप्पा गावातल्या एका नातेवाइकाकडं. शरणबसप्पाला इथं कुणी नव्हतं. सकाळी त्यानं वळकटी खांद्यावर टाकली. जाताना आडापाशी थांबला, घटकाभर माझ्यावर हात ठेवला, आणि माकणीच्या वाटेला लागला. पाणीसुद्धा प्यायला नाही. शिवकांता दारात उभी होती. तिच्या हातात शिदोरीचं फडकं होतं, ते तिच्याच हातात राहिलं.

पोरं गेली आणि आठवडा गेला. आडाचं पाणी आणखी खाली गेलं.

मग एका दुपारी, दारं बंद असताना, नागम्मा काठी टेकत आली. चाचपडत कट्ट्यावर बसली आणि दोर हातात धरला. बराच वेळ धरून बसली. उन्हात केव्हाच वाळायला पाहिजे होता तो, पण ओला होता. तिनं काठीनं महालिंगप्पांचं दार वाजवलं. म्हशीवाल्याचं वाजवलं. पाशामियाँचं वाजवलं. माणसं डोळे चोळत बाहेर आली.

"पोरं गेली," ती म्हणाली. "दोर अजून वल्ला हाय."

महालिंगप्पांनी दोराला हात लावून बघितला आणि झटकन मागं घेतला. शिवकांता घरातून धावत आली, नागम्माच्या पायाशी बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. "अव्वा, म्या घेतलं. एकदा न्हाय, लई येळा घेतलं. त्या दिवशी बोलले न्हाय म्या. पोरगं माझ्यासमोरनं गेलं तरी बोलले न्हाय."

नागम्मानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "म्याबी घेतलं, बाई," ती म्हणाली. "पूजेच्या पान्यासंगं एक तांब्या जास्त. रोज. कुनी ऐकत नव्हतं."

त्यानंतर एकेक जण कबूल होत गेला. ते सगळं सांगत बसत नाही. माझ्यानं ऐकवलं नाही ते.

शिवकांतेनं गरम पाणी आणि राख आणली. पाशामियाँनी मला खाली उतरवलं. तिनं राखेनं माझं भोक घासलं, आस घासला, पुन्हा घासलं, हात काळे झाले, बोटं सोलली तरी घासतच होती. मला पुन्हा चढवलं. नागम्मानं दोर ओढला. आणि मी ओरडलो. जन्मल्या दिवशी ओरडलो नव्हतो तसा. त्या दिवसापासून दुपारचं कुणी आलं नाही, आणि चार दिवसांत घागर पुन्हा निवळ यायला लागली.

पाशामियाँ रजा काढून माकणीला गेले. महालिंगप्पांनी त्यांच्याबरोबर आपली गाडी दिली, वर निरोप दिला, की चूक आमची झाली म्हणावं. गाडी रिकामी परत आली. म्हाताऱ्यानं अट पाळली होती. तो म्हणाला होता, "खरंखोटं तुमचं तुमी बघा. पर ज्या गल्लीनं माझ्या लेकाला चोर म्हनलं, तिथं म्या त्याला धाडनार न्हाय." शरणबसप्पा शेतात नांगर धरून होता. पाशामियाँना लांबून रामराम केला म्हणे त्यानं, आणि बैल वळवले.

गुंडप्पा पास झाला, जैनोद्दीन पास झाला. शिवकांतेनं दोघांना साखर दिली आणि दार लावून घेतलं. पुढं कितीतरी दिवस ती दोनाऐवजी चार हिसके देऊन घागर ओढायची, अंगात ताकदच नसल्यासारखी.

गल्ली मात्र शहाणी झाली. पुढची पोरं आली तेव्हा त्यांच्या घागरींचं त्यांना बोलावून, कट्ट्यावर बसवून, त्यांच्यादेखत ठरलं. आंघोळ आपापल्या घराच्या मोरीत, पाणी काढायचं ते बायकांचं झाल्यावर उजेडात. तान्ह्या बाळाच्या घरी आधी सांगायचं, आणि बाळ रडलं तर रडू द्यायचं. हे एवढंसं आधी बोलले असते तर.

मग रझाकारांचे दिवस आले, त्यामागून हिंदुस्थानची फौज आली. आधी हिंदूंच्या घरांनी दारं लावली, मग मुसलमानांच्या. पाशामियाँचं घर तर कितीतरी महिने कुलूप लावून होतं. परत आले तेव्हा अर्धे झाले होते. आल्या आल्या त्यांनी घरसुद्धा उघडलं नाही. आधी आडावर येऊन एक घागर काढली, एका दमात, पूर्वीसारखी. महालिंगप्पांचं दार उघडलं. "पाशामियाँ हाय," ते आत वळून म्हणाले. "आवाज त्यांचाच हाय."

आता निजाम गेला, शाळेत मराठी आली, आणि पोरांचा लोंढा पुन्हा गल्लीत आला. नागम्मा मागच्या वर्षी गेली. माझे आरे ढिले झालेत, एक खांब कलला आहे. नळ येणार म्हणतात. येऊ दे.

परवा एक मिशीवाला गडी धाकट्या भावाला घेऊन शिवकांतेच्या दारात उभा राहिला. तिनं ओळखलं नाही, मी ओळखलं. येताना हात माझ्यावर पडला ना त्याचा.

"अक्का," तो म्हणाला. "ह्यो शिवप्पा. बाप आता न्हाय, म्हनून आणलं. ठेवता का?"

आवाजावरून शिवकांतेनं ओळखलं. तिनं पोराला जवळ ओढलं आणि शरणबसप्पाकडं वळली. इतक्या वर्षांचा तोंडातला शब्द शेवटी बाहेर आला. "पानी म्या घेतलं हुतं रे."

"कळलं हुतं," तो म्हणाला. "पाशाचाचांनी बापाला सांगितलं हुतं, त्यानं मला." मग म्हणाला, "माझ्या तापापायी घेतलं असंल, अक्का." राग नव्हता त्याच्या आवाजात. पण ढाळजेची पायरी तो चढला नाही.

ऊन उतरलं होतं, घरोघर माणसं होती. त्यानं भावाला आडावर आणलं, घागर सोडायला लावली, आणि दोर त्याच्या हातात दिला. पोरगं हळूहळू ओढायला लागलं, आवाज होऊ नये म्हणून जपून. खेड्यातलं भिडस्त लेकरू.

"तसं न्हाय," शरणबसप्पा म्हणाला. गल्लीतल्या एकेका दाराकडं त्याची नजर फिरली. "जोरात ओढ. सगळ्यास्नी ऐकू जाऊ दे."

पोरानं ओढलं. मीही कसर ठेवली नाही.

माझं मागणं एवढंच आहे. पुढं कधी माझी कुरकुर नकोशी झाली तर मला उतरवा, चुलीत घाला, बाभळीचं लाकूड आहे, छान जळतं. पण जोवर या आडावर आहे, तोवर मला वंगण लावू नका.